ब्रिक वर्क्सच्या शनिवारच्या बाजाराला जाताय? पिशव्या रिकाम्या न्या

एव्हरग्रीन ब्रिक वर्क्सच्या शेतकरी बाजारात आपली बरीच मंडळी जातात ती घरी पाहुणे आले म्हणून. तिथल्या जुन्या विटांच्या कारखान्याच्या चिमणीखाली फोटो, एकेक कॉफी, मुलांना काहीतरी गोड, आणि परत. हातात पिशवी नसतेच. टोरोंटोत राहून रोज घरी पोळी-भाजी करणाऱ्यांनी या बाजारातून रिकाम्या हाती परतावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाल्यासकट मुळा, कोवळा नवलकोल, बोटभर वांगी, घट्ट गराचा भोपळा, सोलताना बोटांना वास लागेल असा लसूण, हे सगळं मोसमात तिथे आदल्या दिवशी शेतातून काढलेलं मिळतं. महाग आहे, हे खरं. म्हणूनच काय घ्यायचं आणि काय तिथेच सोडायचं, हे ठरवून जावं लागतं. मी राहते ईस्ट यॉर्कात, डॉन दरीच्या अलीकडच्या काठावर. माझ्या घरात या बाजारातून काय येतं, कसं येतं आणि त्याचं पुढे काय होतं, ते सगळं इथे लिहिते आहे.

बाजार फक्त शनिवारी. उन्हाळ्यात सकाळी 8 ते दुपारी 1, थंडीत 9 ते 1. आत जायला पैसे नाहीत. जागा डॉन दरीच्या तळाशी, 550 बेव्ह्यू अव्हेन्यू. नकाशात शहराच्या मधोमध दिसते, पण सगळीकडून उतार असल्यामुळे चालत सहज पोचता येत नाही. सोपा रस्ता म्हणजे ब्लूर-डॅनफर्थ लाइनीवर ब्रॉडव्ह्यू स्टेशनला उतरायचं आणि तिथून जवळच सुटणारी शटल बस पकडायची. निघण्याआधी एव्हरग्रीनच्या संकेतस्थळावर शटलची वेळ बघून घ्या, मोसमाप्रमाणे ती बदलते. गाडी नेणार असाल तर पार्किंगला पैसे पडतात, आणि हवा चांगली असली की दहानंतर जागेसाठी ताटकळावं लागतं. चालायची हौस असेल तर मूर पार्कच्या बाजूनं बेल्टलाइनच्या पायवाटेनं खाली या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथून थोडा काळ आगगाडी जायची, म्हणून वाट सरळ आणि सौम्य उताराची आहे. परतताना मात्र चढ, आणि खांद्यावर भोपळा. येताना बसच बरी.

रात्री धो धो पाऊस झाला असेल तर आधी रस्ता चालू आहे का ते तपासा. डॉन नदी भरली की बेव्ह्यू आणि शेजारचा डॉन व्हॅली पार्कवे दोन्ही पाण्याखाली जातात. जुलै 2013 मध्ये आणि पुन्हा जुलै 2024 मध्ये तसं झालं होतं. 2013 ला तर भरलेली लोकल गाडी दरीत पाण्यात अडकली होती.

बरोबर काय न्यायचं? दोन चाकांची बंडल बग्गी, आपल्या आजीबाई दुकानाला जाताना ओढत नेतात ती. शेवटपर्यंत तीच उपयोगी पडते. तिच्यात तळाला एक उथळ खोकं ठेवा, टोमॅटो आणि पीच पिशवीत घातले की घरी पोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो. पालेभाजीसाठी जुना सुती पंचा ओला करून, पिळून, डब्यात घालून न्या. मासे घेणार असाल तर बर्फाची पिशवी. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी पाच-दहाच्या थोड्या नोटा जवळ असू द्या, दरीत मशीनला कधीकधी रेंज मिळत नाही.

पोचल्यावर लगेच खरेदीला लागू नका. आधी एक फेरी नुसती मारा, पाकीट न काढता. कोणाकडे काय आहे, भाव काय, माल किती आहे, हे डोळ्यांखालून घाला. एकाच बाजारात दोन टेबलांवरच्या गाजरांत बराच फरक असतो, किमतीतही आणि चवीतही. फेरी मारताना एक गोष्ट बघा: टेबलावर एकाच हंगामातला माल आहे ना. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोणी ओंटारियोतल्या शेतातले म्हणून ढीगभर टोमॅटो विकत असेल तर ते काचघरातले असणार. काचघरातलं वाईट नसतं, पण आपण कशाचे पैसे देतो आहोत ते माहीत हवं. सरळ विचारा, "हे तुम्हीच पिकवलंत का? शेत कुठे आहे?" ज्यानं पिकवलं तो माणूस या प्रश्नानं खुलतो. मातीबद्दल बोलतो, यंदा पाऊस उशिरा आला म्हणून सांगतो, पुढच्या आठवड्यात काय येणार तेही सांगतो. मला शनिवारच्या त्या दोन वाक्यांची किंमत भाजीइतकीच वाटते. तो काय येणार म्हणाला, त्यावर माझा पुढचा बेत ठरतो.

घासाघीस करू नका. तिथे ती रीत नाही, आणि ज्यानं पहाटे तीनला उठून गाडी भरली त्याच्याशी डॉलर-दोन डॉलरसाठी हुज्जत घालणं मला बरंही वाटत नाही. साडेबाराला गेलं की स्वस्त पडेल, ही आपली मंडईतली सवयही इथे फारशी चालत नाही. उरलेला माल बरेच जण परत नेतात किंवा अन्न वाटणाऱ्या संस्थांना देतात. पैसे वाचवायचा खरा रस्ता वेगळा आहे, त्याला तिथे 'सेकंड्स' म्हणतात. डागाळलेले, वेडेवाकडे, थोडे जास्त पिकलेले टोमॅटो आणि पीच टेबलाखाली खोक्यात असतात. दिसत नाहीत, मागावे लागतात. "सेकंड्स आहेत का? अख्खं खोकं घेईन." ऑगस्टच्या शेवटी हे वाक्य बोललात तर वर्षभराच्या सारासाठी टोमॅटो अर्ध्याच्या आसपास मिळून जातात.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. बीट, मुळा, सलगम, नवलकोल, गाजर घेतलंत की विक्रेता जुडी हातात धरून विचारतो, "डू यू वॉन्ट द टॉप्स?" आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत त्याच्या दुसऱ्या हातानं पाला पिरगाळलेला असतो. इथल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना तो नको असतो. माझ्या सासूबाई रत्नागिरीहून आल्या होत्या तेव्हा त्यांनी हे पाहिलं आणि माझं मनगटच धरलं. "अगं, हे पाला टाकतायत की! थांबव त्याला!" मी थांबवलं. त्यांनी टेबलामागच्या टोपलीकडे बोट दाखवलं, तिथे आधीच्या गिऱ्हाइकांचा मुळ्याचा पाला पडला होता, काठाला थोडा भोकं पडलेला, पण टवटवीत. विकणाऱ्या मुलीनं तो सगळा पिशवीत भरून दिला आणि पैसे घ्यायला नकार दिला. त्या संध्याकाळी मुळ्याच्या पाल्याची मूगडाळ घालून भाजी झाली, आणि दुसऱ्या दिवशी बीटाच्या पाल्याची, बेसन पेरून. तेव्हापासून मी पैसे देण्याआधीच सांगते, पाला हवा. पाल्याला भोकं दिसली तर घाबरू नका, वसंतात मुळ्यावर पडणारे बारीक पिसू-भुंगे ती करतात. भाजी शिजवल्यावर त्यानं काही बिघडत नाही.

आता मोसमाप्रमाणे.

मेचा मोसम लहान असतो, पण त्यात दोन गोष्टी चुकवू नयेत. एक ऱ्हुबार्ब. लालसर-हिरवे लांब देठ, चव कडक आंबट. पानं अजिबात खायची नाहीत, त्यांत ऑक्झॅलिक आम्ल फार असतं. देठ मात्र आपल्या स्वयंपाकात चपखल बसतो. इंचभर तुकडे करून तूरडाळीत शेवटची पाच मिनिटं घातले की पूर्ण विरघळतात, आंबट चुक्याच्या आमटीसारखी आमटी होते, आमसूल लागत नाही. मेथांबाही छान होतो: तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, मग ऱ्हुबार्ब, तिखट, मीठ, भरपूर गूळ. कैरीपेक्षा फार लवकर शिजतो, म्हणून गूळ आधी वितळवून घ्या, नाहीतर फोडीच राहत नाहीत. दुसरी गोष्ट फिडलहेड, म्हणजे नेच्याचे गुंडाळलेले कोवळे कोंब. दिसायला फार सुंदर, पण कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊन लोक आजारी पडतात. हेल्थ कॅनडाचा सल्ला स्पष्ट आहे: उकळत्या पाण्यात 15 मिनिटं किंवा वाफेवर 10 ते 12 मिनिटं, आणि ते पाणी फेकून द्यायचं. दादरच्या बाजारातून पहिल्या पावसात शेवळं आणणाऱ्या घरातल्या कुणाला यात नवल वाटणार नाही. रानभाजीचे नियम पाळले की रानभाजी खाता येते. उकडल्यावर लसणीची फोडणी आणि ओलं खोबरं, बस.

जूनमध्ये स्ट्रॉबेरी. इथली जूनची स्ट्रॉबेरी दुकानातल्या कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीपेक्षा लहान असते आणि आतपर्यंत लाल असते. टिकत नाही. त्याच दिवशी खायची, उरली तर रात्री साखर घालून शिजवायची. स्ट्रॉबेरी पिंट किंवा क्वार्टच्या हिशेबानं विकतात. क्वार्ट म्हणजे साधारण सव्वा लिटरला थोडं कमी, मुलं असतील तर दोन क्वार्ट घ्या. खोक्याचा तळ बघून घ्या, ओलं दिसलं तर ते नको, खालचा थर दबलेला असतो.

पण जूनमध्ये माझा जीव खरा अडकतो तो लसणीच्या दांड्यांत. स्केप्स म्हणतात त्यांना. इथली लसूण कडक मानेची, तिला मधून फुलोऱ्याचा एक दांडा येतो आणि तो शेपटीसारखा गोल वळतो. गड्डा पोसावा म्हणून शेतकरी तो कापून टाकतात, आणि कापलेला दांडा बाजारात येतो. दोन-तीन आठवडेच. जाडजूड हिरवा दांडा घ्या, टोकाची कळी बारीक असलेला. कळी फुगली असेल तर दांडा चरबट होतो. घरी आल्यावर मी असं करते: कळीच्या वरचं टोक काढून टाकायचं, बाकीच्याचे बोटभर तुकडे. लोखंडी तव्यावर थोड्या तेलात तुकडे आणि चार-पाच हिरव्या मिरच्या टाकायच्या, झाकण नाही. तुकड्यांवर काळे ठिपके येईपर्यंत हलवायचं नाही. मग मूठभर भाजलेले दाणे, जाडं मीठ, थोडं जिरं, आणि खलबत्त्यात ठेचायचं. मिक्सरमध्ये त्याची पेस्ट होते, ती नको. हा ठेचा लसणीच्या ठेच्याहून सौम्य आणि किंचित गोडसर लागतो, त्यामुळे भाकरीबरोबर जास्त जातो. फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो. मी जूनमध्ये इतके दांडे घेते की नवरा विचारतो, कोणाचं लग्न आहे का.

जुलैच्या शेवटी तीच लसूण गड्ड्याच्या रूपात येते. एका गड्ड्यात चार-सहाच पाकळ्या, पण एकेक अंगठ्याएवढी, सालीवर जांभळट रेषा. 'म्युझिक' नावाची जात ओंटारियोत खूप लावतात. महाग वाटते, पण चीनहून येणाऱ्या पांढऱ्या लसणीच्या तीन पाकळ्यांचं काम तिची एक करते. फोडणी जळकट होत नाही आणि लसणीच्या सुक्या चटणीला वास येतो. हवेशीर टोपलीत ठेवा, फ्रीजमध्ये नको. सप्टेंबरमध्ये मी वर्षाची लसूण एकदमच घेते.

ऑगस्ट म्हणजे पीच, मका, टोमॅटो, वांगी. पीच नायगाराकडचे. जुलैतले पहिले पीच बाठ्याला चिकटून असतात, खायला चांगले पण कापायला त्रास. ऑगस्टमध्ये बाठा सुटणारे येतात, साखरांब्यासाठी ते थांबून घ्या. मक्याची कणसं घेतली तर त्याच दिवशी शिजवा, तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचं स्टार्च व्हायला लागतं आणि कणीस पिठूळ लागतं. सोलून बघू नका, इथे ते विकणाऱ्याला आवडत नाही. शेंडा बोटांनी दाबून बघा, दाणे टोकापर्यंत भरलेले लागतात का. वांग्यांत 'फेअरी टेल' नावाची बोटभर, जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जात दिसली तर दुसरा विचार करू नका, भरली वांगी करायला याहून चांगलं वांगं मला कॅनडात दुसरं मिळालेलं नाही. बी जवळजवळ नसतं आणि मसाला घालून शिजवलं तरी आकार राहतो. भरतासाठी मोठं काळं वांगं, हातात घेऊन बघा, आकाराच्या मानानं हलकं लागलं पाहिजे. कॅरिबियन गिऱ्हाइकांसाठी काही शेतकरी कॅलालू म्हणून लावतात तो आपला माठच. दिसला तर घ्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भोपळे. हॅलोवीनसाठी कोरायचे मोठे नारिंगी भोपळे खाण्यासाठी घेऊ नका, त्यांचा गर पाणचट आणि दोऱ्या-दोऱ्यांचा. घारग्यांसाठी काबोचा घ्या, बाहेरून गडद हिरवा, आतून पिवळाजर्द. त्यात पाणी कमी, म्हणून कणीक कमी लागते आणि घारगे भोपळ्याच्या चवीचे होतात. दह्यातल्या भरतासाठी बटरनट. देठ वाळलेला आणि लाकडासारखा हवा, हिरवा देठ म्हणजे भोपळा अजून तयार झालेला नाही. थंड कोरड्या जागी भोपळे महिनोन् महिने राहतात, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मी बग्गी पूर्ण भोपळ्यांनीच भरते. सफरचंदांत 'नॉर्दर्न स्पाय' विचारा. आंबट, टणक, शिजवल्यावर फोड मोडत नाही, गुळांबा उत्तम होतो.

आता जे तिथे घेऊ नये ते. कोथिंबीर, आलं, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदे-बटाटे यांच्यासाठी जेरार्ड स्ट्रीटच्या देशी दुकानांत किंवा नेहमीच्या दुकानात जा. कोथिंबिरीची तिथली जुडी पाहिली की आपला जीव कळवळतो, आणि चवीत तेवढा फरक नाही. माझा नियम असा: जी गोष्ट तोडल्यापासून तासातासाला बिघडते, ती बाजारातून. जी पोत्यात राहते, ती स्वस्त मिळेल तिथून. लसूण आणि भोपळा याला अपवाद, त्यांचं कारण वर सांगितलंच.

मासे खाणाऱ्यांसाठी एक सांगते. जॉर्जियन बेचा व्हाइटफिश मिळाला तर लवकर पोचून घ्या, संपतो. गोड्या पाण्यातला मासा, आपल्या समुद्राच्या माशासारखा खमंग नाही, पण मांस पांढरंशुभ्र आणि पाकळ्या सुटणारं. आमचं घर मालवणी, तरी मी त्याचं सार करत नाही, त्यात तो मोडतो. हळद, मीठ, लिंबू, आलं-लसूण लावून, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून मंद आचेवर तळायचा. लसणीच्या दांड्यांचा ठेचा शेजारी असला तर जेवण पूर्ण झालं.

खरेदीच्या मध्ये किंवा आधी अर्धा-पाऊण तास या जागेसाठी काढा. जड खोकं घेतलं असेल तर पैसे देऊन विकणाऱ्याकडेच ठेवा, "परत येऊन नेते" म्हटलं की ते ठेवून घेतात.

ही जागा म्हणजे डॉन व्हॅली ब्रिक वर्क्स, विटांचा कारखाना. 1889 मध्ये टेलर बंधूंनी तो सुरू केला, त्यांच्या कागदाच्या गिरण्या याच दरीत होत्या. इथली चिकणमाती इतकी चांगली निघाली की 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात इथल्या विटांना पदक मिळालं. भरभराटीच्या काळात वर्षाला 4 कोटी 30 लाखांच्या वर विटा निघत. कासा लोमा आणि मॅसी हॉल यांच्या बांधकामात त्या गेल्या आहेत. 1930 च्या दशकातल्या मंदीत बेघर माणसं रात्री भट्ट्यांच्या उबेला येऊन झोपत. 1984 मध्ये उत्पादन थांबलं, मग बरीच वर्षं इमारती ओसाड होत्या, आणि 2010 मध्ये एव्हरग्रीन या संस्थेनं त्या लोकांसाठी उघडल्या. चार चिमण्यांवर मिळून 'डॉन', 'व्हॅली', 'ब्रिक', 'वर्क्स' अशी नावं होती, आता 'व्हॅली' लिहिलेली एकच उभी आहे.

मी लालबागची. वडील गिरणीत, खोलीच्या खिडकीतून दोन चिमण्या दिसायच्या. 1982 चा संप आमच्या घरात शिरला होता, त्याच्या आठवणी मी इथे काढत नाही. पण फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिलेला पाहिलेली व्यक्ती जेव्हा ब्रिक वर्क्सच्या भट्टीघरात येते तेव्हा ती थोडी जास्त वेळ उभी राहते. इथे लांबच लांब बोगद्यासारख्या भट्ट्या जागच्या जागी आहेत. विटांच्या गाड्या ज्या रुळांवरून आत ढकलत ते रूळ दिसतात. बंद पडलेल्या वर्षांत पोरांनी भिंतींवर काढलेली रंगीत चित्रंसुद्धा पुसलेली नाहीत. मुलांना घेऊन गेलात तर भट्टीच्या तोंडाशी उभं करून सांगा की माणूस इथे काय काम करत असे. बाजाराच्या गर्दीत हे भट्टीघर बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

भट्टीघराच्या मागे गेलात की खाण. जिथून माती काढली तो खड्डा आता तळी, लव्हाळी आणि पाणपक्ष्यांचा झाला आहे, कासवं उन्हात ओळीनं बसतात. वरच्या कठड्यापर्यंत पायवाट जाते, तिथून डाउनटाउनच्या इमारती दिसतात. खाणीच्या उत्तरेकडच्या भिंतीकडे नीट बघा. ही भिंत जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांना माहीत आहे. भूगर्भशास्त्रज्ञ आर्थर कोलमन यांनी इथल्या थरांचा अभ्यास करून दाखवून दिलं की दोन हिमकाळांच्या मध्ये टोरोंटोत आजच्याहून उबदार हवा होती. सुमारे 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वीच्या त्या थरात पॉपॉच्या झाडाचे अवशेष सापडले. आणि हे पॉपॉ म्हणजे आपल्या सीताफळाच्या कुळातलं झाड. दक्षिण ओंटारियोत ते आजही रानात वाढतं. सप्टेंबरच्या शेवटी बाजारात कधीकधी त्याची फळं येतात: हिरवट पिवळी, डाग पडलेली, दिसायला अगदीच साधी. काळ्याशार मोठ्या बिया, पिवळा मऊ गर, केळं आणि आंबा मिसळल्यासारखा वास. दिसलं तर एक तरी घ्या. बिया आणि साल खायची नाही, आणि पहिल्यांदा खाताना थोडंच खा, काहींच्या पोटाला ते सोसत नाही. सासूबाईंनी एक फळ चमच्यानं खाल्लं आणि बी फडक्यात बांधून ठेवली.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात. जानेवारी-फेब्रुवारीतला बाजार लहान असतो, पण कंदमुळं, सफरचंदं, मध, अळिंबी, अंडी मिळतात, आणि ओळखीच्या शेतकऱ्याला बोलायला वेळ असतो. मार्चमध्ये नवा मेपल सिरप येतो. 40 लिटर रस आटवला की साधारण एक लिटर सिरप होतो, म्हणून किमतीवर कुरकुर नको. सोनेरी रंगाचा सिरप सगळे घेतात. आपल्याला मात्र सर्वांत गडद घ्यावा असं मी सांगेन, त्याला काकवीच्या जवळ जाणारी चव असते आणि घावनाबरोबर तो छान लागतो.

घरी पोचलात की आधी चहा नाही, आधी पाला. बंडल बग्गी दारातच उघडायची. कंदांपासून पाला वेगळा करायचा, कारण पाला चिकटून राहिला की तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि संध्याकाळपर्यंत मुळा मऊ पडतो. पाला मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून वर उचलून घ्यायचा, पाणी ओतायचं नाही, नाहीतर खाली बसलेली वाळू पुन्हा भाजीवर येते. दोनदा-तीनदा असं केलं की ओल्या पंच्यात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. शनिवारी पालेभाजी, रविवारी पालेभाजी, सोमवारी नवलकोल, मंगळवारपासून वांगी आणि टोमॅटो, शेवटी गाजर-बीट. लवकर नासणारं आधी, एवढा एक क्रम फ्रीजच्या दारावर लिहून ठेवा. पीच टोपलीत एकमेकांना न लागतील असे, देठाची बाजू खाली करून मांडा, आणि रोज सकाळी हात लावून बघा.